यादीत नाही ते घरात नाही

वाल्मिक निमसे यांच्या घरातलं मीठ संपलं तेव्हा महिन्याची चार तारीख होती, आणि मिठाचा विषय पंधरा तारखेच्या आत विचारात घेता येणार नव्हता.

तसा नियमच होता, आणि नियम खुद्द वाल्मिकचा होता. वाल्मिक शहापूरच्या एका सरकारी कचेरीत टेबल सांभाळून होता. खातं कोणतं ते विचारू नका, त्यालाही धड सांगता येत नसे. टेबलावर आलेला कागद वाचायचा नाही, सही ठोकून पुढच्या टेबलावर ढकलायचा, एवढ्यावर त्याची नोकरी सुरळीत चालली होती. "वाचत बसलो तर सही कधी करणार?" असं तो नव्याने लागलेल्या पोरांना सांगायचा. पोरं मान डोलवायची आणि तीही वाचायची नाहीत.

दिवाळी आटोपल्यावर कचेरीत घरगुती बचतीवर व्याख्यान झालं. ठाण्याहून आलेले पाहुणे म्हणाले, "खर्च माणूस करत नाही, सवय करते. यादी करा. यादीत नाही ते घरात नाही." वाल्मिक गेला होता फुकटच्या समोशासाठी, पण ते वाक्य समोशाबरोबर पोटात गेलं आणि तिथेच अडकून बसलं.

त्याच संध्याकाळी त्याने बायकोला, सरिताला, आणि आईला, बाईजाला, समोर बसवून घराचं पहिलं परिपत्रक जाहीर केलं. महिन्याची यादी एक तारखेला. राहिलेल्या बाबींची पुरवणी यादी पंधराला. प्रत्येक वस्तूचा वेगळा प्रस्ताव, कारणांसह. रोकड सरिताच्या तांदळाच्या डब्यात राहील, पण वाल्मिकची सही असल्याशिवाय डब्याचं झाकण उघडणार नाही.

"आणि एवढं सगळं कशापायी?" बाईजाने विचारलं.

"म्हसा गावच्या जत्रेपायी," वाल्मिक म्हणाला. "जे वाचेल त्यात पौषात जत्रा. माझा शब्द आहे."

इथे सरिताचं मन हललं. लग्न झाल्यापासून दरवर्षी ती म्हशाला जाणार होती आणि दरवर्षी काहीतरी आडवं येत होतं. तिला तिथली घोंगडी हवी होती. तिच्या आईची घोंगडी म्हशाचीच होती, चिंध्या झाल्या तरी तिची ऊब गेली नव्हती. शिवाय एकदा पाळण्यात बसायचं होतं, पण या वयात ते बोलून दाखवायची तिला लाज वाटायची. तिला खूप आनंद झाला. त्या आनंदात तिने परिपत्रकाच्या पोचपावतीवर सही केली.

पहिल्या यादीत मीठ राहून गेलं, कारण यादी वाल्मिकने केली होती आणि मीठ कुठून येतं हे त्याला माहीत नव्हतं. आजवर ते भाजीतूनच यायचं.

"अहो, मीठ संपलंय," सरिता म्हणाली.

"पुरवणी यादी पंधरा तारखेला."

"तवर आळणी खायचं?"

"तशी तरतूद नाही म्हटल्यावर काय करणार?"

मग घराने आळणी भाजी खाल्ली. बाईजा म्हणाली, "जीभ हाय का गेली तेच कळत नाय." वाल्मिक मात्र मिटक्या मारत जेवायचा. ही त्याची तपश्चर्या वाटली असती, पण कचेरीच्या कँटीनमधून तो रोज खिशातून मिठाची पुडी आणतो आणि ताटाच्या आडोशाने भुरभुरवतो, हे बाईजाने दुसऱ्याच दिवशी पाहिलं. तिने ते पदराला बांधून ठेवलं. म्हाताऱ्या माणसांना कुठली गोष्ट कधी बाहेर काढायची ते कळतं.

पंधराला मीठ मंजूर झालं. पण मंजूर होणं वेगळं आणि येणं वेगळं. आधी शहापूरच्या तीन दुकानांतून भाव मागवावे लागले. वाल्मिक रिक्षाने तिन्हीकडे फिरला आणि किलोमागे दोन रुपये वाचवले. रिक्षाला ऐंशी गेले. ते बचतीत धरायचे नसतात, प्रवासखर्चाचं खातं वेगळं असतं.

यादीनंतर सवयींची पाळी आली. घरात एका वेळी एकच दिवा लागेल, असा ठराव झाला. त्यामुळे मोरीत दिवा लागला की स्वयंपाकघरातला बंद व्हायचा. वाल्मिकला मोरीत वेळ लागायचा. तेवढ्यात तव्यावरची भाकरी जळायची, आणि जळालेली भाकरी टाकायची नाही अशीही सवय ठरली होतीच. बाईजाची मिशरी 'अनावश्यक' या सदरात गेली. "माझे दात तरी तुज्या यादीत हायेत का रे?" तिने विचारलं. वाल्मिक म्हणाला, बघून सांगतो.

एके दिवशी सरिताचा भाऊ काळूराम वैशाखऱ्याहून आला. स्वतःची पिकअप चालवणारा दिलदार गडी. येताना वालाच्या शेंगा घेऊन आला होता. शेंगा जमा करून घेण्यात आल्या. चहाचं काय, असं सरिताने नजरेनेच नवऱ्याला विचारलं.

"पाहुण्यांची आगाऊ सूचना तीन दिवस आधी यायला पाहिजे," वाल्मिक म्हणाला. "काळूराम, गैरसमज करून घेऊ नको. पाणी पी. पाण्याला मर्यादा नाही."

"तसं का दाजी," काळूराम म्हणाला. "मंग पुढच्या टायमाला अर्ज टाकून येईन." तो पाणी पिऊन उठला. बहिणीच्या घरून भाऊ चहाशिवाय गेला, आणि सरिता त्या दिवशी चुलीपुढे बसून रडली. आधी दुःखाने रडली, मग रागाने. रडून झाल्यावर तिने परिपत्रक काढलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्या घरात ते वाचणारी ती पहिलीच.

दुसऱ्या दिवसापासून घर फारच नियमाने चालू लागलं. वाल्मिकने तिसरी भाकरी मागितली.

"मागणी चार वाजायच्या आत नोंदवायची होती," सरिता म्हणाली.

"अगं, पण मला भूक आत्ता लागली."

"तसं कारण लिवून द्या. उद्या विचार करू."

वाल्मिकला अभिमान वाटला. पोटात कावळे ओरडत होते, पण बायको तयार झाली होती. त्याने कचेरीत सगळ्यांना सांगितलं, की आमच्या घरात आता माझ्यावाचून पान हलत नाही. प्रस्तावांचा ढीगही वाढला. काडेपेटीचा वेगळा, वातीचा वेगळा, फिनेलचा वेगळा. संध्याकाळी चहा नसलेल्या चहाच्या वेळेला सरिता गठ्ठा पुढे ठेवायची आणि वाल्मिक खटाखट सह्या करायचा. अंगवळणी पडलेलं काम, हात आपोआप चालायचा.

पौष लागला. डब्यात चांगली रक्कम जमली, आणि ती बघून वाल्मिकच्या मनात भलताच विचार आला. ही खर्च केली तर बचत कुठे राहिली? तो रात्रंदिवस जत्रेतल्या गरम जिलबीची स्वप्नं बघत होता, तरीसुद्धा त्याने तोंड गंभीर केलं.

"जत्रेचा विषय तत्त्वतः मान्य आहे," तो म्हणाला. "पण यंदा निधी राखून ठेवू. पुढच्या पौषात बघू."

बाईजाने सुनेकडे पाहिलं. सुनेने सासूकडे पाहिलं. "बरं," सरिता म्हणाली, आणि संध्याकाळचा गठ्ठा नेहमीसारखा पुढे ठेवला. वाल्मिकने नेहमीसारख्या सह्या केल्या.

जत्रेच्या दिवशी सकाळी दारात काळूरामची पिकअप उभी राहिली. पुढच्या सीटवर बाईजा बसली होती, दातांना मिशरी लावून. मागे शेजारची ठमी. सरिता नवं लुगडं नेसून पदर सावरत बाहेर आली. वाल्मिक बनियनवरच धावला.

"हे काय चाललंय? कुणाच्या परवानगीने?"

सरिताने कागद दाखवला. मीठ आणि फिनेल यांच्यामधला प्रस्ताव. विषय: म्हसा जत्रा. खर्च: डब्यातली संपूर्ण शिल्लक. जाणाऱ्यांची यादी सोबत. खाली वाल्मिकची सही, ऐटदार, शेपटीसकट.

वाल्मिकने सहीवरून बोट फिरवलं. स्वतःच्या सहीला तो फार मानायचा. त्याने हिशोबी मनाने जिलबी आठवली आणि माघार घेतली. "ठीक आहे. मंजूरच आहे म्हणताय तर. थांबा, शर्ट घालून येतो."

"शर्ट कशाला?" सरिता म्हणाली. "तुमचं नाव नाय यादीत."

त्याने यादी वाचली. एवढ्या वर्षांत वाचलेला हा पहिलाच कागद. बाईजा, सरिता, काळूराम, ठमी.

"अगं, राहून गेलं असेल."

"राहिलं तर राहिलं. पुरवणी यादी पंधराला."

"तोवर जत्रा उठेल गो."

"तशी तरतूद नाय, काय करणार?" सरिता गाडीत चढली. काळूरामने खिडकीतून मान काढली. "दाजी, पाणी प्या. पाण्याला मर्यादा नाय." बाईजाने जाता जाता लेकाला सांगितलं, की भाजी चुलीवर हाय, आळणी हाय, पण पुडी तर तुज्याकडं असंलच.

पिकअप वळणाआड गेली. वाल्मिक घरात आला, एकुलता एक दिवा लावला आणि अर्ज लिहायला बसला. जत्रेस जाण्याची परवानगी मिळणेबाबत, तातडीची बाब. अर्ज पूर्ण करून त्याने स्वतःच्याच पुढे ठेवला. हाताला सवय होती. त्याने न वाचता त्यावर शेरा मारला, 'सोबत यादी जोडलेली नाही, सबब नामंजूर', आणि शेपटीसकट सही केली.

आता तुम्ही हसताय. हसा. पण तुमच्याही कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली असणार. दूध, कोथिंबीर, गॅस, लाइटबिल. ती केली कुणी, ते तुम्हाला ठाऊक नाही, कारण ती तुम्ही कधी वाचलेलीच नाही. उठा, जरा बघून या, तिच्यात तुमचं नाव आहे का. नसलं, तर खालची सही बघा. ती तुमचीच असेल.