ऐच्छिक आहेर

मनकर्णाबाईंनी संत्र्याच्या बगिच्याच्या फाटकावर लावलेला बोर्ड त्यांच्या मुलाने, वीरेंद्रने, तिसऱ्यांदा उतरवला आणि मनकर्णाबाईंनी तो चौथ्यांदा लावला. या खेपेला त्या खिळ्यांच्या भानगडीत पडल्याच नाहीत. सौसरहून वेल्डिंगवाला बोलावला आणि बोर्ड थेट फाटकालाच जोडून टाकला. 'मनकर्णा कॅम्पिंग. गाडी लावा, मुक्काम करा.'

"काढ आता," त्या वीरेंद्रला म्हणाल्या. "फाटकासकट काढजो."

वीरेंद्रचं सौसरला खताबियाण्यांचं दुकान होतं आणि दुकानापेक्षा मोठी इज्जत होती. ती सांभाळता सांभाळता बिचाऱ्याचे केस चाळिशीतच पांढरे झाले होते.

"आई, लोक हसून राहिले. बासष्ट वर्षांची बाई हॉटेल टाकून राहिली म्हणतात."

"हॉटेल नाही ते. लोक आपलं घर गाडीवर घेऊन फिरतात. पेंचचं जंगल पाहतात, मंग सातपुड्याचं पाहाले जातात. मधात त्यायले थांबाले जागा लागते. मी सावली देते, पाणी देते, संडास-बाथरूम देते. याच्यात हसाचं काय आहे?"

मागच्या हिवाळ्यात अशीच एक गाडी पाणी मागायला फाटकाशी थांबली होती. गाडीत पलंग, शेगडी, भांडी घासायची मोरीसुद्धा. मनकर्णाबाईंनी ते सगळं आत वाकून पाहिलं आणि त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात हे खूळ शिरलं होतं. चाळीस वर्षं नवऱ्याने, दिराने, मुलाने आणलेल्या पाहुण्यांसाठी त्यांनी भाकरी थापल्या. आता पाहुणे त्यांचे स्वतःचे हवे होते, त्यांच्या नावाच्या बोर्डाखालचे.

शेवटी निवाडा रघुनाथरावांकडे गेला. रघुनाथराव हे मनकर्णाबाईंचे यजमान. बायको आणि मुलगा या दोघांच्या बोलण्यावर एकाच वेळी मान हलवायची विद्या त्यांनी वर्षानुवर्षांच्या सरावाने साधली होती. ते म्हणाले, "रथसप्तमीपर्यंत चालू दे. गावातून एक जरी तक्रार आली, त मी सोता बोर्ड उतरवतो. नाही आली, त वीरेंद्र, तू पुन्हा बोलाचं नाही."

हे दोघांनाही पटलं. मनकर्णाबाईंना मात्र मनातून धाकधूक होती, कारण असल्या एका लढाईत त्या आधी हरल्या होत्या. संत्र्याच्या झाडांना काटे असतात आणि त्या काट्यांनी त्यांच्या साड्या फाटत. म्हणून एकदा वाळक्या फांद्या छाटताना त्यांनी रघुनाथरावांची जुनी पँट चढवली. वीरेंद्रने ते पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी ती पँट बोहारणीला देऊन वर स्टीलचा डबा घेतला. तो डबा मनकर्णाबाईंनी आजतागायत वापरला नव्हता.

पाहुणे मिळवायचं काम प्राजक्ताने केलं. प्राजक्ता म्हणजे वीरेंद्रची मुलगी, छिंदवाड्याच्या कॉलेजात शिकणारी, सुटीला आलेली आणि पूर्णपणे आजीच्या पक्षाची. गाडीवाल्या प्रवाशांच्या वेबसाइटवर तिने बगिच्याचा फॉर्म भरायला घेतला. त्यात पंचवीस-तीस चौकटी होत्या.

"आजी, जनावरं चालतात का, विचारून राहिले."

"चालतात. दोन बैल त आपलेच आहेत."

"पोहायची सोय?"

"विहीर आहे ना!"

दहाव्या चौकटीला मनकर्णाबाईंचा धीर सुटला. "किती विचारतात वो हे! तू सगळ्यायवर टिक मार. पाहुण्याले नाही म्हणाची आपल्या घरात पद्धत नाही."

प्राजक्ताने सगळ्या चौकटींवर टिक मारली.

रथसप्तमीच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी पहिली गाडी आली. पीटर आणि हन्ना, हॉलंडचं जोडपं, दोघंही साठीच्या पुढचे. थंडी होती म्हणून अंगात स्वेटर, डोक्याला कानटोप्या. पीटरला कामापुरती हिंदी येत होती. वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी खाऊन त्याने "बहुत अच्छा" असं पाच वेळा म्हटलं. मनकर्णाबाईंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी त्याच पावली शेजारच्या शांताबाईंना गाठलं आणि उद्या दुपारी दोनला बगिच्यातच हळदीकुंकू असल्याचं सांगितलं. शांताबाईंना सांगितलं की गावाला वेगळं सांगावं लागत नसे.

शनिवारी अकराच्या सुमाराला ऊन चांगलं तापलं. मनकर्णाबाई संत्र्यांची परात घेऊन गाडीकडे निघाल्या. पीटर खुर्चीत बसून पुस्तक वाचत होता. त्याच्या अंगावर चष्मा होता. हन्ना गाडीमागच्या दोरीवर कपडे वाळत घालत होती आणि तिचे सगळे कपडे दोरीवरच होते.

"नमस्ते!" पीटर म्हणाला आणि घरच्या बाईला मान द्यावा म्हणून अदबीने उठू लागला.

"बसा, बसा! उठू नोका!" मनकर्णाबाई आभाळाकडे पाहत ओरडल्या. परात त्यांनी पडू दिली नाही. अंदाजाने एका दगडावर ठेवली, वळल्या आणि घरापर्यंत एका दमात आल्या.

"प्राजक्ता! तो फॉर्म काढ."

प्राजक्ताने मोबाइल काढला. सोळाव्या चौकटीपाशी तिचं बोट थांबलं. "आजी, इथं लिहिलं आहे, कपडे ऐच्छिक."

"मतलब?"

"मतलब घातले त घातले, नाही त नाही. त्यायच्या देशात अशा जागा असतात म्हणे. हे दोघं एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात अन् मधात अशाच ठिकाणी राहतात. हे पाह्य, मेसेजमध्ये लिहिलं त्यायनं, साऱ्या भारतात अशी सोय तुमीच ठेवली, तुमचे लई आभार."

मनकर्णाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजता गावच्या पंधरा बाया येणार होत्या.

"जाऊन सांगू का त्यायले, कपडे घाला म्हणून?" प्राजक्ताने विचारलं.

"नाही." मनकर्णाबाईंचा आवाज चढला. "आपणच लिहून दिलं अन् आता पलटायचं? जबान म्हणजे काय पान आहे, खाल्लं अन् थुकलं? अन् आजच पलटले त उद्या तुझा बाप म्हणीन, पाह्य, मी म्हणत होतो."

इकडे हे चाललं असताना तिकडे शांताबाई बारालाच फाटकावर हजर झाल्या. गाडी आधी पाहून ठेवली म्हणजे दोन वाजता इतरांना समजावून सांगता येईल, असा त्यांचा सेवाभावी विचार होता. फाटकावर रघुनाथराव उभे होते. नुकतेच तेही त्या बाजूला जाऊन आले होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आत जाऊ नोका, शांताबाई."

"काहून?"

रघुनाथरावांना खोटं बोलता येत नसे. "पाहुण्यायच्या अंगावर कपडे नाहीत."

शांताबाईंनी तोंडावर पदर घेतला. ते पाहून रघुनाथरावांना दरदरून घाम फुटला. "मतलब, कपडे नाहीतच. मतलब, त्यायच्याजवळ..."

"माय वो! लुटलं का त्यायले? रस्त्यात?"

रघुनाथरावांनी सवयीप्रमाणे मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. शांताबाईंनी सोयीची ती घेतली आणि चपला वाजवत गावात गेल्या.

अर्ध्या तासात गावभर झालं. मनकर्णाबाईंच्या पाहुण्यांना चोरांनी हायवेवर लुटलं, अंगावरचं लुगडंसुद्धा सोडलं नाही, बिचारे थंडीत तसेच बसून आहेत. एक वाजता वीरेंद्रचा फोन आला.

"आई, पाहुण्यायले लुटलं म्हणते? हेच म्हणत होतो मी! मी निघून राहिलो दुकानातून. बोर्ड आज उतरला समज!"

मनकर्णाबाईंनी फोन ठेवला. मग उठल्या, पेटी उघडली आणि भावाने दिलेली हिरवी साडी काढली. खालून रघुनाथरावांचं कोरं धोतर आणि टोपी काढली. कुंकवाचा करंडा घेतला.

"चल," त्या प्राजक्ताला म्हणाल्या. "मना नाही करत मी कोणाले. मी आहेर करून राहिले."

गाडीपाशी पोचेपर्यंत त्यांनी नजर झाडाच्या शेंड्यांवर ठेवली. मग साडी पुढे धरून म्हणाल्या, "सांग त्यायले. आमच्या घरचा पाहुणा आहेर घेतल्याबिगर जात नाही. अन् दिलेला आहेर तेव्हाच अंगावर घालून दाखवा लागते. नाही त देणाऱ्याचा अपमान होते."

प्राजक्ताने सांगितलं. हन्ना विचारात पडली. तिने प्राजक्ताला काहीतरी विचारलं.

"आजी, ते विचारते, हे घालणं जबरदस्तीचं आहे का?"

"छ्या! ऐच्छिक आहे," मनकर्णाबाई ठामपणे म्हणाल्या. "फक्त नाही म्हणाची पद्धत नाही."

हन्ना खळखळून हसली आणि तिने हात पुढे केले. तिला साडी नेसवायला पाऊण तास लागला. धोतराचं काम रघुनाथरावांकडे होतं. पीटर त्यांच्यापेक्षा फूटभर उंच, त्यामुळे धोतर गुडघ्यांपाशीच संपलं, पण अब्रूपुरतं पुरलं. दोनला पाच कमी असताना दोघं खुर्च्यांवर बसले आणि मनकर्णाबाईंनी पहिल्यांदा खाली पाहिलं.

तेवढ्यात फाटकाशी गलका झाला. पंधरा बाया येणार होत्या, त्या चाळीस आल्या, आणि प्रत्येकीच्या हातात गाठोडं होतं. गाव कंजूष असेल, भांडखोर असेल, पण उघड्या माणसाला पाहून थांबणारं नव्हतं. शांताबाईंनी पुढे होऊन पीटरला स्वेटर घातला. आहेराचा नेम प्राजक्ताने सगळ्यांना ऐकवला आणि त्याने तो अंगावर चढवून दाखवला. मागून इंदूने दुसरा स्वेटर आणला. प्रमिलाने त्याला शाल पांघरवली. त्यावर तिसरा स्वेटर आला. डोक्यावर टोपीवर टोपी अशा तीन टोप्या झाल्या. हन्नाच्या मांडीवर अकरा साड्यांचा ढीग लागला आणि एकीने तिच्या पायात लोकरीचे मोजे घातले. माथ्यावर ऊन होतं. पीटरच्या चष्म्यावर वाफ धरली, तरी तो प्रत्येकीला "बहुत अच्छा" म्हणत होता.

या गर्दीतून वीरेंद्र आत घुसला. रागाने लाल झाला होता, पण त्याच्याही काखेत दुकानाशेजारून घेतलेलं शर्ट-पँटचं नवं पाकीट होतं. मनकर्णाबाईंनी ते पाहिलं आणि मुलाच्या रागावरचा त्यांचा निम्मा राग तिथेच उतरला.

"कोणी लुटलं यायले?" वीरेंद्रने विचारलं.

प्राजक्ताने पीटरला विचारलं. पीटर चकित झाला आणि बराच वेळ बोलला.

"बाबा, ते म्हणतात, लुटलं कोणीच नाही. सकाळपासून लोक देऊनच राहिले, थांबूनच नाही राहिले."

"मंग कपडे कुठं गेले होते?"

चाळीस बायांनी माना पुढे काढल्या. रघुनाथरावांची मान दोन्ही बाजूंना हलू लागली. मनकर्णाबाईंना वाटलं, आता एक खोटं बोलावं आणि सुटावं. पण फाटकावरचा बोर्ड त्यांना आठवला. स्वतःच्या बोर्डाखाली उभं राहून खोटं बोलायचं असेल, तर बोर्ड हवा कशाला?

"कुठं नव्हते गेले. त्यायनं घातले नव्हते," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "त्यायची मर्जी. मीच तसं लिहून दिलं होतं. समजून दिलं नव्हतं, पण दिलं होतं. चारी बाजूनं झाडं आहेत, फाटक बंद होतं. कोणाच्या डोयात गेलं? शांताबाई, तुमी पाह्यलं?"

"मी? मले कोणी पाहू देल्लं का!" शांताबाईंच्या आवाजात खरीखुरी हळहळ होती.

"मंग तक्रार कोणाची आहे? ज्याची असन त्यानं समोर येऊन सांगा."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. ज्याला नुकताच स्वतःच्या हाताने स्वेटर घातला, त्याची तक्रार कशी करायची? शेवटी शांताबाईच पुढे आल्या. "तक्रार आहे माही. हळदीकुंकवाचं दोनचं काहून सांगितलं? अकराचं सांगा लागत होतं."

हशा उसळला आणि त्यात वीरेंद्रचं उत्तर बुडालं. तो हसत नव्हता, पण रघुनाथरावांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली आणि ती या वेळी एकाच बाजूची होती.

हसणं ओसरल्यावर हन्नाने प्राजक्ताच्या कानात काही विचारलं आणि साडीचा घोळ सावरत गाडीत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात घडी घातलेली मातकट रंगाची पँट होती. जाड कापडाची, सहा खिशांची. तिने करंड्यातलं कुंकू बोटावर घेऊन घडीला लावलं आणि दोन्ही हातांनी पँट मनकर्णाबाईंपुढे धरली.

"आजी, परत आहेर," प्राजक्ता म्हणाली.

मनकर्णाबाईंनी कापडावरून अंगठा फिरवला. काटा काय, खिळाही अडकला नसता.

"अंगावर घालून दाखवा लागते म्हणे," शांताबाई म्हणाल्या. "तुमचाच नेम आहे."

"आई, राहू दे," वीरेंद्र घाईने म्हणाला.

"कसं राहू देऊ, बावा? आहेर आहे. नाही म्हणाची आपल्या घरात पद्धत नाही." मनकर्णाबाई रघुनाथरावांकडे वळल्या. "अहो, तुमचा सदरा द्या."

पाच मिनिटांनी त्या गाडीच्या पायऱ्या उतरल्या. वर नवऱ्याचा सदरा, खाली सहा खिशांची पँट, कपाळावर हळदीकुंकू. बायांनी टाळ्या वाजवल्या. त्या घटकेला साऱ्या बगिच्यात सगळ्यात कमी कपडे बनियनवर उभ्या असलेल्या रघुनाथरावांच्या अंगावर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी छतावर गाठोडी बांधून सातपुड्याच्या वाटेला लागली. मनकर्णाबाई झाडाच्या ऐन काट्यांत शिरून वाळक्या फांद्या छाटत होत्या. फाटकाशी वीरेंद्र पाण्याची बादली आणि फडकं घेऊन बोर्ड पुसत होता आणि कोणी पाहिलंच तर फाटक पुसतोय असं सांगायच्या तयारीत होता.

"आजी," प्राजक्ताने मोबाइलवरून डोकं वर काढलं, "आणखी चार गाड्यायचे मेसेज आले. ते सोळावी चौकट काढून टाकू ना आता?"

मनकर्णाबाईंनी कात्री पँटच्या तिसऱ्या खिशात सरकवली, चौथ्यातून एक संत्रं काढलं आणि सोलायला घेतलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "ते चौकट आता माही आहे."