इनासकाका जमीन बघतात

इनासकाका कुठेही गेले की आधी खाली वाकतात. ज्यांना त्यांची ओळख नाही त्यांना वाटतं, म्हाताऱ्याचं काहीतरी पडलं. काका चिमूटभर माती उचलतात, बोटांत चोळतात, नाकाशी नेतात आणि निकाल देतात. "हलकी आहे." किंवा, "बरी आहे, पण आळशी." एकदा आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये कोपऱ्यातल्या कुंडीत बोट घालून ते म्हणाले, "ही मेलेली आहे." कुंडीतलं झाड प्लॅस्टिकचं होतं. मी तसं सांगितल्यावर म्हणाले, "मग मी वेगळं काय सांगितलं?"

काका मूळचे वसईचे. त्यांच्या वडिलांची तिथे केळीची वाडी होती. कॅनडात आल्यावर मात्र त्यांचं सगळं आयुष्य मिसिसागाला विमानतळाजवळच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवण्यात गेलं. पायाखाली कायम काँक्रीट. रिटायर झाल्यावर त्यांनी व्हिटबीला बॅकयार्ड असलेलं घर घेतलं आणि तेव्हापासून जी दिसेल ती माती हातात घ्यायला सुरुवात केली.

माझी त्यांची पहिली भेट कुंपणावर झाली. शेजारचं घर बघायला मी आणि माझी बायको मृणाल आलो होतो. एजंट आम्हाला किचनमधला मोठा ओटा दाखवत होता. मी मागे यार्डात आलो, तर कुंपणापलीकडून हात घालून एक गृहस्थ आमच्या बाजूची माती उकरत होते. "मराठी का?" त्यांनी विचारलं. मी नागपूरचा म्हटलं. "घ्या घर, नागपूरकर," ते म्हणाले. "जमीन बघून घ्यावी. किचन काय, नंतरही बदलता येतं. इथे टोमॅटो असे येतील की वाटून वाटून दमाल."

घर घेतलं. टोमॅटो अजून आलेले नाहीत.

एक सांगायला हवं, काकांचा अंदाज सहसा चुकतो. त्याचा त्यांच्या आत्मविश्वासावर काही परिणाम होत नाही. त्यांच्याकडे मोठाल्या कुंड्यांमध्ये केळी आहेत. उन्हाळ्यात त्या यार्डात असतात, थंडी पडायच्या आधी त्यांना बेसमेंटमध्ये उतरवावं लागतं आणि तो उतरवण्याचा मान माझा असतो. तिथे घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या शेजारी, ट्यूबलाइटच्या उजेडात, पानं छताला टेकवून त्या हिवाळा काढतात. घड कधीच धरलेला नाही. दर वर्षी त्याला नवं कारण असतं. गेल्या वर्षीचं कारण माझा लॉनमोवर होता. "आवाजाने दचकतात त्या," काका म्हणाले.

काकांचा मुलगा लंडनला असतो. आपल्या ऑन्टारिओमधल्या लंडनला. वसईच्या नातेवाइकांना फोनवर काका नुसतं "लंडनला" एवढंच सांगतात आणि पुढचं समोरच्यावर सोडतात. मुलाने त्यांना एकदा कायमचं राहायला बोलावलं होतं. त्याचा कॉन्डो अठराव्या मजल्यावर. काका आठवड्याच्या आत परत आले. "बाल्कनीतून खाली बघितलं," ते म्हणाले, "तर जमीन इतकी लांब, की ओळखच लागेना."

मागच्या सप्टेंबरमध्ये मला ऑफिसच्या कामासाठी न्यूफाउंडलंडला, सेंट जॉन्सला जायचं होतं. काम दोन दिवसांचं, पुढे वीकेंड मोकळा. मृणाल म्हणाली, "काकांना घेऊन जा. उन्हाळाभर ग्रोसरी सोडून कुठे गेले नाहीत." मी विचारलं तर काकांचा एकच प्रश्न होता. "तिकडे माती कुठली?"

वीकेंडला गाडी भाड्याने घेऊन आम्ही दक्षिणेकडे निघालो. शहर संपलं, मग झाडं खुजी होत गेली, मग झाडंच संपली. नुसता माळ. दोन्ही बाजूंना आभाळापर्यंत तांबूस-हिरवं शेवाळ आणि गुडघ्याएवढी झुडपं, मध्ये मध्ये काळ्या पाण्याची तळी, कुठे एखादा भलामोठा दगड कुणीतरी विसरून गेल्यासारखा. वारा इतका की गाडीचं दार उघडायला खांदा लावावा लागत होता. लांबवर कॅरिबू हरणांचा एक कळप चरत होता.

"ह्या भागाला काय म्हणतात?" काकांनी विचारलं.

"बॅरन्स. म्हणजे ओसाड, नापीक."

काकांना ते लागलं. स्वतः ते जमिनीला आळशी, मेलेली, काहीही म्हणतात. पण ते तिला हात लावून, तिच्या तोंडावर. सरकारने नकाशावर असं छापावं हे त्यांना पटेना. "वांझ म्हणायचं म्हणजे काय? कुणी विचारलं तिला?" ते पुटपुटले. "गाडी थांबव."

मी थांबवली. पुढच्या वळणावर समुद्राकाठी एक लहानसं गाव दिसत होतं. गावाचं नाव मी सांगत नाही. तिथे माणसं इतकी कमी आहेत की नाव सांगितलं तर मी कुणाबद्दल बोलतोय ते लगेच कळेल.

काका रस्ता सोडून माळावर उतरले. शेवाळ गादीसारखं होतं, ते पाऊल टाकत तसं आजूबाजूचं थोडं हलत होतं. मी म्हटलं, जपून. त्यांनी मागे न बघता हात हलवला, वाकले, मूठभर काळा गाळ उचलला, नाकाशी नेला आणि निकाल देण्यासाठी तोंड उघडलं. त्याच क्षणी त्यांचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला.

मी धावलो. हात धरून ओढलं. काका वर यायच्या ऐवजी मी घोट्यापर्यंत आत गेलो. काका शांतपणे म्हणाले, "नागपूरकर, जमीन खोल आहे."

"लाथा मारू नकोस, माय लव्ह," मागून कुणीतरी इंग्रजीत म्हणालं.

हातात बादली घेतलेली, रबरी बूट घातलेली एक बाई आमच्याकडे येत होती. काकांच्याच वयाची. माळावर बेरी वेचत होती. चिखलाच्या पायवाटेवर टाकलेली एक फळी तिने उचलून आणली, काकांच्या मागे आडवी टाकली आणि म्हणाली, "आता बस. मागे रेल. आरामखुर्चीत बसल्यासारखा. पाय आपोआप येईल." काका बसले. ती त्यांच्या काखेत हात घालून हळूहळू मागे सरकत राहिली. पाय आला. बूट आला नाही.

काकांनी मला मराठीत विचारलं, "ही मला काय म्हणाली रे मघाशी?"

"इकडे सगळ्यांनाच तसं म्हणतात, काका."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. पण शर्ट नीट केला.

बाईचं नाव मॉरीन. तिचं घर गावातलं पहिलंच, समुद्राकडे तोंड करून. तिने काकांना वॉशरूममध्ये पाठवलं, चिखलाचे कपडे मशीनमध्ये टाकले आणि वारलेल्या नवऱ्याची पॅंट आणि स्वेटर बाहेर काढून दिला. नवरा, लिओ, कोळी होता आणि सहा फूट उंच होता. काका बाहेर आले तेव्हा पॅंटच्या पायांना इतक्या घड्या होत्या की पावलं दिसत नव्हती आणि स्वेटरचे हात कोपरापर्यंत दुमडले होते. मॉरीन त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग चहा ओतायला वळली.

चहा, पाव, आणि वेचलेल्या त्या लाल बेरींचा जॅम. जॅम चांगलाच आंबट होता. खिडकीतून रस्त्याकडेचा बटाट्यांचा छोटा वाफा दिसत होता. ह्या गाळात बटाटे कसे येतात, असं काकांनी विचारलं. मॉरीन म्हणाली, समुद्रातलं शेवाळ आणून घालते, आणि उन्हाळ्यात छोटी मासळी किनाऱ्याला लागते, ती मातीत पुरते. काका खुर्चीत पुढे सरकले. वसईला त्यांचे वडील केळीच्या बुंध्यात मासळीचंच खत घालायचे. पुढचा तासभर ते दोघं खतावर बोलले. किती खोल पुरायचं, मांजरांचं काय करायचं, वास किती दिवस राहतो. मी तीन कप चहा प्यायलो. काका इतके सलग बोललेले मी कधी ऐकले नव्हते. एरवी ते निकाल देतात आणि निघून जातात.

मॉरीनने सहज विचारलं, "आणि तुझी बायको? तिला बागेची आवड आहे?"

"नाही," काका म्हणाले. "लुसीला चिखल चालत नाही. नखांत माती गेलेली तिला खपत नाही. ती आहे घरी. हे कपडे बघितले तर हसेल."

मी कप खाली ठेवला. लुसीकाकींना जाऊन तीन वर्षं झाली होती. व्हिटबीच्या दफनभूमीत मी स्वतः खांदा दिला होता. त्यानंतर काकांनी घरी, दारी, चर्चमध्ये, कुठेही काकींचं नाव काढलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांना त्रास नको म्हणून आम्हीही काढत नसू. मुलगासुद्धा नाही.

काका पुढे सांगत होते. लुसीला विमानाची भीती वाटते. लुसी कानात कापूस घालून झोपते, कारण काका घोरतात. लुसी चहात साखर किती घालते ते तिचं तिलाच माहीत. मॉरीन ऐकत होती, हसत होती, मध्येच काही विचारत होती. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

कपडे वाळले. काका बदलून वाफा बघायला बाहेर गेले, पायात लिओचे जुने बूट. मॉरीनने ते त्यांना देऊनच टाकले होते. मी कपबशा सिंकमध्ये नेल्या.

मॉरीन फडताळातून जॅमच्या बरण्या काढत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तिला गोड आवडतं की आंबट? त्याच्या बायकोला?"

ती काय विचारते आहे ते मला नीट कळलं नाही. कदाचित तेवढंच विचारत असेल, कदाचित नसेल. बाहेर काका वाफ्याशी उकिडवे बसले होते.

"आंबट आवडतं," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. पुढची बरणी परत ठेवली, मागून दुसरी काढली, पुसली आणि वर्तमानपत्रात गुंडाळली. बाहेर येऊन तिने ती काकांच्या हातात दिली. "लुसीसाठी," म्हणाली. काकांनी दोन्ही हातांनी घेतली. थॅंक यू म्हणाले. मॉरीनने त्यांच्या खांद्यावरचं काहीतरी झटकलं. तिथे काही नव्हतं.

परतीच्या वाटेवर काकांनी बरणी मांडीवर धरली होती. मागच्या सीटवर ठेवतो म्हटलं तर ऐकलं नसल्यासारखं केलं. माळावर ऊन उतरत होतं, तळी चकाकत होती.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "आत काय विचारत होती ती तुला?"

"काकींना काय आवडतं ते."

"मग?"

"आंबट, म्हटलं."

काकांनी बरणीवरचा कागद घट्ट केला. मग म्हणाले, "अगदी आंबट नाही रे. बेताचं. जास्त झालं की एक डोळा मिटायची. डावा. कैरी खाताना तर अशी बसायची, एक डोळा मिटून, आणि तरी खात राहायची. लग्नाच्या आधी मी ते पहिल्यांदा बघितलं, तिच्या मावशीकडे. मला वाटलं, ही मला डोळा मारते."

मी हसलो. तेही हसले. मग त्या मावशीचं घर, मग लग्न, मग काकींचा मिसिसागातला पहिला हिवाळा, असं ते बोलत राहिले. मागून आलेल्या दोन-तीन गाड्या आम्हाला ओलांडून गेल्या. मी वेग वाढवला नाही.