कोणत्या हाताचं कोणतं बोट

शेवटची केस पाचच्या आत निकालात निघाली असती, तर व्हर्ना कुचेराचे रोजचे ऐंशी मैल वाचणार होते. जायचे चाळीस, यायचे चाळीस, तेही नेब्रास्काच्या बर्फातून. गावच्या छोट्या इस्पितळात ती दुखण्यांना क्रमांक द्यायची. क्रमांक बरोबर असला, तरच विमा कंपनी पैसे सोडायची. तीन महिने एकही चूक नाही आणि एकही केस पडून नाही, असं दाखवील त्याला घरून काम करायची परवानगी होती. आज तीन महिन्यांचा शेवटचा दिवस होता.

अडलं होतं ते लायल हृस्काचं बोट. वासरांच्या फाटकात ते चेमटलं आणि डॉक्टर ओस्टरगार्डनी लिहिलं, "फाटकात सापडून बोटाला जखम. चार टाके." बोटाबोटाचा क्रमांक निराळा, हाताहाताचा निराळा, नख शाबूत की गेलेलं त्याचाही निराळा. व्हर्नाने सकाळीच लेखी विचारलं, "कोणता हात, कोणतं बोट, नखाला इजा आहे की नाही?"

दुपारी उत्तर आलं, "आहे."

साडेतीनला खुद्द लायलच खिडकीशी आला.

"अगं व्हर्ना, माझं बिल कुठं अडलंय?" पट्टी बांधलेलं त्याचं डावं मधलं बोट ताठ तिच्या नाकासमोर.

"बोटापाशीच."

"मग हे बघ की. डावं, मधलं, नख गेलेलं."

"मी बघून चालत नाही रे. डॉक्टरांनी लिहायला हवं."

"म्हणजे मी बोट घेऊन आलोय, तरी ते नाहीच?"

"कागदावर नाही."

"रस्त्यावर मात्र आहे. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरनं बोट उचलून नमस्कार करायची आपली सवय. आता हे एकटंच उभं राहतं, शिवी दिल्यासारखं. निम्मी पंचक्रोशी बोलत नाही माझ्याशी."

पावणेपाचला डॉक्टर आपल्या पिकअपमध्ये चढताना दिसले. लायलची केस उघडलेला लॅपटॉप घेऊन व्हर्ना कोटाशिवाय बर्फातून धावली.

"डॉक्टर, लायलचं बोट कोणतं?"

"दुखलेलं. तूच सांग ना."

"मला सुचवायची परवानगी नाही."

"पण तुला माहितीये?"

"तेही सांगता येत नाही."

"बोट म्हणजे बोट गं बाई," म्हणत डॉक्टरांनी दार ओढलं. व्हर्नाचा उजवा हात दाराच्या चौकटीवर होता.

डॉक्टर फार ओशाळले. तिला आत नेऊन त्यांनी स्वतः दोन टाके घातले, बोटाला पट्टी बांधली, आणि तिच्या समाधानासाठी जन्मात पहिल्यांदा सगळं सविस्तर लिहून काढलं : उजवा हात, मधलं बोट, नख उखडलेलं, गाडीचं दार, इस्पितळाचं आवार. पाचला दोन मिनिटं कमी असताना सही ठोकून ते घरी गेले.

ज्या लॅपटॉपवर त्यांनी हे लिहिलं, त्यावर उघडी केस लायलची होती.

तपासणीत निघालं, की कागदोपत्री लायलचं बोट एकाच दिवशी वासरांच्या फाटकातही सापडलं आणि गाडीच्या दारातही. केस पडून राहिली, परवानगी गेली.

डॉक्टरांचं काहीच गेलं नाही. लायलचे चार टाके, दुरुस्तीनंतर का होईना, विमा कंपनीने भरले. व्हर्नाच्या बोटाबद्दल तिच्या नावावर अवाक्षर नव्हतं, म्हणून त्याचे साडेचारशे डॉलर तिनेच भरले, शिवाय आणखी तीन महिने रोजचे ऐंशी मैल. समोरून गाडी आली की तिचंही बोट सवयीने स्टिअरिंगवरून उठतं. पहिल्या आठवड्यात अकरा जणांनी हॉर्न वाजवला.

लायलने मात्र आपलं बोट वर करून मनापासून परत नमस्कार केला.