दिनकरराव गुंजाळ कागदावर कैलासवासी जाहले त्याची हकीकत

श्रीगणेश प्रसन्न, सरस्वती प्रसन्न, आणि हल्ली ज्या यंत्रातून विद्येचे दार उघडते तेही प्रसन्न असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ते साली कार्तिक मासापासून एका नगरीत जे वर्तमान घडले ते आम्ही डोळां पाहिले, आणि त्यातील थोडे आमच्याच हाते घडले, सबब कोणी न पुसता लिहितो. नगरीचे नाव लिहीत नाही.

त्या नगरीत पेठेच्या तोंडाशी दिनकरराव गुंजाळ यांची दौलत होती. दौलत म्हणजे दहा फुटांचे दुकान, वजनकाटे दुरुस्तीचे. पेठेतील यच्चयावत काटा त्यांच्या हाताखालून गेलेला, आणि दिनकररावांनी बरोबर म्हटले म्हणजे बरोबर, ऐसा लौकिक. त्यांस कन्या एकच, शलाकाबाई, वय सतरा, बुद्धीने तल्लख. विजेवरचे काटे येऊन दौलत बसत चालली हे बाईंनी पाहिले, आणि मनात धरिले की समुद्रापलीकडील विद्यापीठी जाऊन व्यापारविद्येची पदवी घ्यावी, आणि दिनकरराव म्हणाले, जा. मग बाई आमच्या धन्याकडे आल्या. धनी निनादराव, परदेशी प्रवेशांचे सल्लागार, स्टेशनरोडवर काचेचे दफ्तर, भिंतीवर सोळा देशांची निशाणे. आम्ही त्यांचे पदरी कारकून, मुलांची निवेदने इंग्रजीत सजवून देणे हे आमचे काम.

विद्यापीठाचा दंडक ऐसा की गुणपत्रकाबरोबर मुलाने आपली कहाणी आपल्या शब्दांत लिहून धाडावी. बाईंनी लिहिली. लहानपणी वडील पाच किलोचे वजन पारड्यात ठेवीत आणि पुसत, "काटा काय म्हणतो?" आणि आपण वाचून सांगत असू, आणि चुकले तर वडील रागावत नसत, वजन उचलून पुन्हा ठेवीत. आम्हांस वाचून बरे वाटले. निनादरावांनी वाचिले आणि कागद मेजावर टाकिला. म्हणाले, "छान आहे गं, पण दुःख कुठंय यात? तिकडं हजारो अर्ज येतात. बापाचं दुकान सगळ्यांनाच असतं." मग आमच्याकडे वळून, "यात काहीतरी घाला." आम्ही घातले. बाईंच्या चौदाव्या वर्षी महामारीत वडील वारले आणि बंद दुकानाचे शटर पोरीने एकटीने वर केले, ऐसे दोन ओळींत. समोरचा चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

मुदत सरायला तासभर उरता बाईंनी ते वाचिले. "सर, बाबा दुकानात बसलेत." निनादराव म्हणाले, "बसू देत की. त्यांना कोण उठवतंय? आणि कागदावर काय आहे ते त्यांना सांगणार कोण?" मग बाईंनी पडद्यावरचे अर्ज धाडावयाचे बटण दाबिले. हे लिहिणे भाग आहे. धन्याचा दोष थोरला, आमचा त्याच्याच जोडीचा, परंतु बटण बाईंनी दाबिले.

पौषात विद्यापीठाचे बोलावणे आले की पडद्यावर समक्ष मुलाखत घेऊ. दिवेलागणीची वेळ ठरली आणि बंदोबस्तास आमची रवानगी गुंजाळांचे घरी जाहली. दिनकररावांनी भिंतीला नवी चादर बांधिली होती आणि स्वतः इस्त्रीचा सदरा घातला होता, जरी ते कोणास दिसणार नव्हते. लॅपटॉपच्या चार्जरची पिन ढिली. ती सुटू नये म्हणून ते मेजाखाली उकिडवे बसून बोटांनी दाबून राहिले. मग पडद्यावर त्या मुलखीच्या बाई प्रकटल्या, गोड बोलिल्या, आणि म्हणाल्या, "तुझे वडील गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं. त्यांची कोणती आठवण तुला आजही बळ देते?"

काट्यांची माहितीपुस्तके वाचून वाचून दिनकररावांस इंग्रजी बरे कळे. त्यांनी आधी मुलीकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले. आम्ही खाली पाहिले. पिन मात्र सुटली नाही. मग त्यांनी मोकळ्या हाताने मुलीस खूण केली, बोल. आणि बाई बोलिल्या, की ते पाच किलोचं पितळी वजन ठेवायचे, विचारायचे, चुकलं तर पुन्हा ठेवायचे. त्या परक्या बाईंनी डोळे पुसले, आणि मुलाखत फत्ते जाहली. दिनकरराव मेजाखालून निघाले, आखडलेली बोटे सरळ केली आणि म्हणाले, "चांगलं बोललीस. फक्त ते वजन पितळेचं नव्हतं, बिडाचं होतं." आणि चपला घालून दुकानी गेले. मग शलाकाबाई ओक्साबोक्शी रडल्या, आणि आम्ही पुढ्यातले पोहे तसेच ठेवून उठलो.

फाल्गुनात प्रवेश मंजूर जाहला. दफ्तरात पेढे वाटले. सोबत कलम एक, की पित्याच्या मृत्यूचा दाखला पंधरा दिवसांत धाडावा. निनादराव म्हणाले, "होईल सोय, आपला माणूस आहे." दिनकररावांच्या कानी गेले तेव्हा ते म्हणाले, "सोय नको. माझा दाखला मीच आणतो." आणि तोच इस्त्रीचा सदरा घालून नगरपालिकेच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहिले. आम्ही मागे होतो. खिडकीतल्या बाईंनी पुसिले, "मयताचं नाव?" म्हणाले, "दिनकर सीताराम गुंजाळ." "तुमचं नातं काय?" मागचे लोक पुढे ढकलो लागले. मग दिनकरराव म्हणाले, "मीच." "मीच म्हणजे?" "मीच तो. जिवंत आहे." रांगेत हशा पिकला. खिडकीतल्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी फॉर्म परत दिला आणि म्हणाल्या, "काका, घरी जा."

घरी येऊन ते मुलीस म्हणाले, "मेल्याचं काही नाही गं मला. तुझ्यासाठी खरंच मेलो असतो. पण खोट्या काट्यावर शिक्का मारवत नाही." शलाकाबाईंनी विद्यापीठास पत्र लिहिले, आमच्या मदतीवाचून, मोडक्या इंग्रजीत, की वडील हयात आहेत, खोटे मी धाडले, बटण मी दाबले. शेवटी लिहिले की ते वजन बिडाचे होते. तिसरे दिवशी चार ओळींचे उत्तर आले. प्रामाणिकपणाबद्दल आभार मानिले होते आणि प्रवेश रद्द केला होता.

हल्ली बाई नगरीच्याच महाविद्यालयी सकाळी वाणिज्य शिकतात आणि दुपारी दुकानी बसतात. दिनकरराव त्यांच्याशी पूर्वीसारखेच बोलतात. बाईच बोलत नाहीत. आम्ही एकदा समोरून गेलो तेव्हा दिनकररावांनी आम्हांस चहाला हाक मारिली. आम्ही ऐकू न आल्यासारखे केले. त्याची लाज वाटते.

सारांश, त्या साली या लेखणीने कागदावर अकरा बाप, चार आया आणि एक धाकटा भाऊ मारिला. पंधरा मुले समुद्रापार सुखरूप पोचली. एक पोचली नाही, आणि त्या सोळांत तिचेच तेवढे माणूस परत आले. लेखणी येथे ठेविली.