माल जाहीर करा

हिराजीकाका बिस्किटाच्या पुड्याशी भांडतात. सीवूड्सच्या मॉलमध्ये, भर गर्दीत, डोळ्याला भिंग लावून. "नाव हाताएवढं आनि आत काय घातलंय ते मुंगीच्या पायाएवढं. लाज वाटतेय काय लिवायला?"

काका आमच्याच मजल्यावर राहतात. उभा जन्म न्हावा शेव्याला कंटेनरचे कागद तपासण्यात गेला, त्यामुळे कागदावर एक आणि आत दुसरं दिसलं की त्यांचं डोकं फिरतं. "माल जाहीर करा," हे त्यांचं पालुपद. परवा एका पुड्यावर 'नैसर्गिक स्वाद' वाचून त्यांनी मॅनेजरलाच बोलावलं. "निसर्गात म्हैस पन येते. कंचा स्वाद ते सांगा."

मॅनेजरनं हिरवा ठिपका दाखवला. "व्हेज आहे, काका."

"मंग दूध काय झाडाला लागतं?"

लोक हसतात. मला संताप येतो तो या हसणाऱ्यांचा. काकांच्या पत्नीला, जनाकाकूंना, माहेरच्या गोठ्यात गोचीड चावली आणि त्यातून अल्फा-गॅल नावाची ॲलर्जी जडली. मासे, कोंबडी चालते. मटण बंदच, पण त्यांना दूध-तूपही सोसत नाही. खाल्ल्यावर काही तासांनी अंगभर गांधी उठतात, श्वास कोंडतो. आणि आमची सोसायटी म्हणते, "थोडंसं खाल्ल्यानं काय होतंय?" असं म्हणणाऱ्याला एकदा दवाखान्याच्या बाकावर बसवून ठेवलं पाहिजे.

गेल्या वर्षी सोसायटीच्या सत्यनारायणाला हेच झालं. प्रसादाला नाही म्हणू नये, म्हणत बायकांनी काकूंच्या हातावर साजूक तुपातला शिरा ठेवला. काकूंनी भिडेखातर खाल्ला. संध्याकाळी ॲम्ब्युलन्स आली. तेव्हापासून काकू कुठल्याच कार्यक्रमाला खाली उतरेनात. "देवाच्या दारात जाऊन नको म्हनायचं, त्यापेक्षा घरी बरी," म्हणायच्या.

यंदा काका सेक्रेटरींवर चालून गेले. "शिरा नारलाच्या दुधात होनार. तूप नाय, तेल."

"अहो, प्रथा आहे. काकूंसाठी वेगळी वाटी काढू की."

"वेगली वाटी घरी पन हाय," काकांचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "तिला सगल्यांच्या पातेल्यातलं पायजे."

सेक्रेटरींनी भटजींकडे पाहिलं. भटजी म्हणाले, देवाची काही हरकत नाही.

पूजेच्या दिवशी रव्यापासून तेलापर्यंत प्रत्येक पाकीट वाचून काकांनी स्वतः शिरा ढवळला. थोडा खाली लागला, पण कोणी बोललं नाही. काकूंनी प्रसाद कपाळाला लावला, खाल्ला आणि शेजारणीकडे हात पुढे करून आणखी मागितला.

मग दोघं मंडपाबाहेर बाकावर बसले. काकांनी त्यांचा हात हातात घेतला होता.

"खाजतंय काय?"

"नाय."

थोड्या वेळानं पुन्हा, "खाजतंय?"

"नाय ओ. हात सोडा, लोकं बगतान."

"बगूदेत," काका म्हणाले आणि त्यांचं मनगट उलटंसुलटं करून बघत राहिले.