रुमालाची जागा

"तीन देश, बारा दिवस आणि टूर कंपनी नको?" तव्यावर पोळी टाकता टाकता उज्वलाबाईंनी विचारलं. "शेजारच्या मोहिनीवहिनी जाऊन आल्या ना व्हिएतनामला. कंपनीनं त्यांना तिथं पुरणपोळी खाऊ घातली."

"पुरणपोळी खायला एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या सिडकोत मिळत नाय का?" गोरक्ष बोरस्ते म्हणाले. "अगं, एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली मी. बस कशी पकडायची ते मला कंपनीच्या पोरांनी शिकवायचं? तिकडच्या बसला काय चौकोनी चाकं असतात?"

उज्वलाबाईंनी पोळी उलटली आणि गोरक्षरावांनी तोच होकार समजला. निवृत्त झाल्यापासून घरात त्यांच्या शब्दाला फारसं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. भाजी कोणती करायची ते उज्वलाबाई ठरवायच्या, टीव्हीवर काय लावायचं ते नातू ठरवायचा. म्हणून या प्रवासाचं पुढारीपण त्यांना मनापासून हवं होतं. बारा दिवस का होईना, तीन माणसांनी आपल्या मागे चालावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

ती तीन माणसं म्हणजे उज्वलाबाई, शौकतभाई आणि शौकतभाईंची बायको जहिदाभाभी. शौकतभाई एसटीचे ड्रायव्हर. नाशिक-वणी गाडीवर या दोघांची जोडी एकोणीस वर्षं टिकली होती. थायलंड, लाओस आणि व्हिएतनाम असा बेत ऐकल्यावर शौकतभाई एवढंच म्हणाले, "मास्तर, तुम्ही डबल बेल मारा, आपण निघालो."

निरोप समारंभात सहकाऱ्यांनी गोरक्षरावांना कंडक्टरची असते तशी चामड्याची पिशवी भेट दिली होती. ती त्यांनी गळ्यात अडकवली. चौघांचे पासपोर्ट, व्हिसाचे कागद आणि त्या सगळ्याच्या झेरॉक्सही तिच्यातच ठेवल्या.

"काका, झेरॉक्स तरी वेगळ्या ठेवा," शौकतभाईंची मुलगी अफरीन म्हणाली.

"बेटा, वेगळं ठेवलेलं हरवतं," गोरक्षराव म्हणाले.

थायलंड झकास पार पडलं. तिथे मागे दोन बाकडी टाकलेल्या पिकअप गाड्या धावतात, आपल्या काळी-पिवळी जीपच्या सख्ख्या बहिणीच. अशाच एका गाडीत गोरक्षरावांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे!" आणि मराठीचं एक अक्षर न कळणारी अकरा माणसं मुकाट्यानं पुढे सरकली. गोरक्षरावांची छाती दोन इंच फुगली. "मोहिनीवहिनींना सांग हे," ते बायकोला म्हणाले.

आणि मग लाओस आलं.

सवन्नखेत नावाच्या गावाच्या स्टँडवर चौघं सकाळी पावणेआठला पोचले. तिथून आठची बस त्यांना व्हिएतनामच्या सीमेवर सोडणार होती. दोन दिवसांनी हनोईहून परतीचं विमान होतं. बसभोवती पंधरा-वीस माणसं दाटीवाटीनं उभी होती. ती टपावर पोती चढवत होती. पण बसभोवती माणसं दिसली, एवढंच गोरक्षरावांना पुरलं. त्यांच्या अंगात नाशिकच्या स्टँडवरची दिवाळीची गर्दी संचारली.

आता इथे त्यांची एक जुनी गोष्ट सांगायला हवी. नोकरीत असताना खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. "जागा माणसाची असते, रुमालाची नसते!" असं म्हणत त्यांनी एकतीस वर्षांत रुमाल, टोप्या, उपरणी आणि एकदा तर कोथिंबिरीची जुडी उचलून मालकांच्या हातात दिली होती. पिंपळनारेच्या तानुबाईंचं भाकरीचं फडकं उचलून त्यांनी तिथे दुसऱ्यालाच बसवलं होतं, आणि म्हातारी वणीपर्यंत उभ्यानं गेली होती. तेव्हा या गोष्टीचा त्यांना अभिमान वाटायचा. स्वतः प्रवासी म्हणून जाताना ते काय करायचे, हे मात्र कधी कोणी विचारलं नाही.

तर त्यांनी झटकन खिशात हात घातला. रुमाल नव्हता. तो उज्वलाबाईंनी धुऊन लॉजच्या खिडकीत वाळत घातला होता आणि तिथेच राहिला होता. बस तर आता भरणार! गोरक्षरावांनी जे हाताला लागलं ते गळ्यातून काढलं आणि खिडकीतून आत टाकलं. पिशवी बरोब्बर खिडकीजवळच्या सीटवर पडली.

"धरली!" ते स्वतःशीच म्हणाले आणि बाकीच्यांना आणायला वळले. जहिदाभाभी केळी घेत होत्या, उज्वलाबाई त्यांना ती पिकलेली आहेत का ते दाबून सांगत होत्या, आणि शौकतभाई भलत्याच एका बसखाली वाकून तिच्या स्प्रिंगचे पाटे बघत होते. तिघांना गोळा करून गोरक्षराव परतले तेव्हा आठ वाजून दोन मिनिटं झाली होती. बस आठला सुटली होती.

गाडी वेळेवर सुटेल, अशी शंकाही त्यांना आली नव्हती. त्यांनी स्वतः आयुष्यात कधी चहा संपल्याशिवाय डबल बेल दिली नव्हती.

"गाडी गेली," ते म्हणाले.

"मग दुसरी येईल की," उज्वलाबाई म्हणाल्या.

"पिशवी पण गेली."

"कुठं?"

"व्हिएतनामला."

"अन् आपले पासपोर्ट?"

"ते पिशवीतच आहेत. सगळं एका ठिकाणी आहे, काळजी करू नको."

शौकतभाईंनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. "मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही... खिडकीतून?"

गोरक्षरावांनी मान खाली घातली. जहिदाभाभींना हसू आवरेना. त्यांनी ओढणीत तोंड लपवलं, पण हातातली केळी हलत होती. तिकीट खिडकीवरच्या बाईनं मदत म्हणून बसचा तक्ता दाखवला. चाळीस सीटच्या गाडीत अकरा प्रवासी गेले होते. जागा धरायची काही गरजच नव्हती.

गोरक्षरावांनी पुढारीपण सोडलं नाही. त्यांनी रिक्षावाल्याला कागदावर पिशवीचं चित्र काढून दाखवलं आणि बोटानं 'पळ, पळ' अशी खूण केली. रिक्षावाल्यानं ओळखीचं हसून मान डोलावली, चौघांना बसवलं, सुसाट नेलं आणि पिशव्यांच्या दुकानासमोर उतरवलं. दुकानदारानं सहा पिशव्या काढल्या.

"ही नको! माझी! माझी पाहिजे!" गोरक्षराव छाती बडवून सांगत होते. दुकानदारानं किंमत कमी केली. ते आणखी ओरडले, त्यानं आणखी कमी केली. तेवढ्यात जहिदाभाभींनी एक पर्स घेऊन टाकली. एवढ्या स्वस्तात ती नाशिकला मिळाली नसती.

शेवटी शौकतभाई पुढे झाले. समोर एक पिकअपवाला टायरला लाथ मारून हवा तपासत होता. शौकतभाईंनीही त्याच टायरला एक लाथ मारली आणि हवा ठीक असल्याची मान हलवली. मग हवेत मोठं स्टिअरिंग धरलं, तोंडानं हॉर्न वाजवला, रस्त्याकडे हात केला, चार बोटं दाखवली आणि हात जोडले. त्या माणसाला सगळं कळलं. पुढच्या सीटवर शौकतभाई बसले. गोरक्षराव मागे बायकांबरोबर, केळ्यांशेजारी.

"आई सप्तशृंगी," उज्वलाबाई डोळे मिटून म्हणाल्या, "पासपोर्ट मिळू दे. यांना तुझ्या गडावर पायी घेऊन येईन."

"एसटीनं," गोरक्षराव पुटपुटले.

"आई, एसटीनं," उज्वलाबाईंनी दुरुस्ती केली.

वाटेत प्रत्येक वळणावर पिकअपमध्ये माणसं चढत होती, उतरत होती. पुढे सरका म्हणायची हिंमत गोरक्षरावांना झाली नाही. त्यांना एकच धास्ती होती. तिकडच्या कंडक्टरनं पिशवी उचलली असेल आणि बाहेर टाकली असेल. तो कंडक्टर त्यांना सारखा डोळ्यांसमोर दिसत होता आणि त्याचा चेहरा हुबेहूब त्यांच्यासारखाच होता. आता चौघांनी इथेच राहायचं की काय, आणि नातवाला फोनवर काय सांगायचं? घाबरून त्यांनी तीन केळी खाल्ली.

पाच तासांनी सीमा आली. ती बस बाजारोबाजारी थांबत आली होती आणि नुकतीच पोचली होती. पण आता ती अकरा जणांची राहिली नव्हती. दारापर्यंत माणसं उभी होती, मधल्या वाटेत पोती, कोंबड्या, एक शिवणयंत्र. गोरक्षराव अंग चोरत आत घुसले आणि जागच्या जागी थांबले.

सगळ्या गाडीत एकच सीट रिकामी होती. तिच्यावर पिशवी होती, कोणीतरी नीट उभी करून ठेवलेली. शेजारी खाली, लसणाच्या पोत्यावर एक म्हातारी बसली होती. गाडी हिसका देईल तेव्हा पिशवी पडू नये म्हणून तिनं तिच्यावर हात ठेवला होता. कोणाची तरी जागा आहे, तो येईल, म्हणून भरलेल्या गाडीत कोणीही तिथे बसलं नव्हतं.

गोरक्षरावांना तानुबाई आठवल्या आणि भयंकर लाज वाटली. त्यांनी म्हातारीला वाकून नमस्कार केला. म्हातारी बोळकं पसरून हसली आणि सीटकडे हात करून बसायची खूण करू लागली. प्रवास संपला होता, लोक उतरत होते. तरीही गोरक्षराव मिनिटभर त्या जागेवर बसले, कारण न बसणं बरं दिसलं नसतं.

पासपोर्ट चारही होते. विमान मिळालं. पिशवी मात्र नाशिकपर्यंत शौकतभाईंच्या गळ्यात आली.

पंधरा दिवसांनी नवस फेडायला उज्वलाबाई आणि गोरक्षराव गडावर जाणाऱ्या एसटीत चढले. गाडी खचाखच भरली होती. उज्वलाबाईंना मागे कशीबशी जागा मिळाली. पुढे खिडकीजवळची एक सीट तेवढी रिकामी होती आणि तिच्यावर एक घडी घातलेला पिवळा रुमाल होता. गोरक्षराव त्या सीटजवळ दांडी धरून उभे राहिले.

"काका, बसा ना," एक जण म्हणाला.

"नाय, रुमाल आहे."

"कोनाचा हाय?"

"असेल कोणाचा तरी. येईल."

"गाडी सुटली की, आता कोन येतंय? मी बसू का?"

"अजिबात नाय!" गोरक्षरावांनी सीटवर हात आडवा धरला. दिंडोरीला एक पैलवान बसायला निघाला, त्यालाही त्यांनी अडवलं. पिंपळनारे मागे कधी गेलं ते कळलंही नाही. त्यांचे गुडघे ठणकत होते, पण मन कधी नव्हे इतकं स्वच्छ वाटत होतं.

वणी आलं. तिकिटं फाडत कंडक्टर पुढे आला, त्यानं रुमाल उचलला आणि त्याच रुमालानं खिडकीची काच पुसली.

"फडकं इथं राहिलं व्हय! नाशिकपासून शोधतोय," तो म्हणाला. मग त्यानं घामाघूम गोरक्षरावांकडे पाहिलं. "काका, जागा रिकामी व्हती की. उभं कशापाई राहिलात? अहो, जागा माणसाची असते, रुमालाची नसते. पहिल्यांदाच बसताय का एसटीत?"

गोरक्षराव तोंड उघडणार, तेवढ्यात मागून उज्वलाबाईंचा आवाज आला.

"हो, पहिल्यांदाच. एरवी ते परदेशातच फिरतात."