साहेबांचा गळ, देवाचा कोंबडा

गांडुळाला हात न लावता आणि धोतर न भिजवता मासा कसा धरायचा, हे अख्ख्या मोखाड्यात फक्त मला ठाऊक होतं! निदान प्रांतसाहेबांना मी तसं सांगून बसलो होतो.

झालं असं. संस्थान विलीन झालं तेव्हा मी जव्हारच्या दरबारी कचेरीत कारकून होतो. वाड्यावरचं निशाण बदललं आणि माझी रवानगी मोखाड्याला झाली. दोन्ही बाबतींत माझं मत कोणी विचारलं नाही. बायको, गोदी, जव्हारला माहेरीच राहिली. मोखाड्याच्या बायका उन्हाळ्यात पाण्यासाठी किती लांब चालतात, हे तिला कुणीतरी रंगवून सांगितलं होतं. "तुमची बदली इकडे झाली की संसार मांडू," असा तिचा निरोप होता. नवीन लग्न, आणि नवरा-बायकोची भेट सर्व्हिस मोटारीच्या मर्जीवर! खरं सांगतो, फार वाईट वाटायचं.

बदली होती प्रांतसाहेबांच्या हातात, आणि जव्हारसाठी माझा अर्ज त्यांच्याकडे पडून होता. हे दिघेसाहेब तपासणीला आले, चहा घेतला आणि विचारते झाले, इथे नदीवर फ्लाय फिशिंग कुणाला येतं का? आमच्या कचेरीचे वरिष्ठ म्हणजे महालकरी, त्यांना तो एखादा नवा कायदा वाटला. मग साहेबांनीच समजावलं. लांब लवचिक काठी, तिला चक्री, चक्रीला दोरी. गळाला गांडूळ नाही, तर पिसांची बांधलेली खोटी माशी. दोरी हवेत मागेपुढे झुलवून ती माशी पाण्यावर अलगद बसवायची. मासा फसतो. फार पूर्वी एका इंग्रज कलेक्टरने विलायतेला परत जाताना त्यांना ही काठी भेट दिली होती.

संस्थानच्या एका गोऱ्या पाहुण्याबरोबर मी एकदा नदीवर गेलो होतो. तो मासे धरत होता, मी त्याचा जेवणाचा डबा धरला होता. एवढ्या अनुभवावर मी पुढे झालो.

"येतं की साहेब."

साहेब खुर्चीतून उठलेच. पुढल्या रविवारी येतो, म्हणाले, मला चांगलं शिकवा. काठी नि गळ माझ्याकडे ठेवले. माश्या तुम्हीच बांधा, लाल कोंबड्याच्या मानेची पिसं लागतात, हेही सांगितलं. मोटारीत बसता बसता म्हणाले, "ठोंबरे, तुमच्या जव्हारचंही बघू."

दुसऱ्या दिवसापासून कचेरीमागे सराव सुरू झाला. पहिल्या झटक्यात गळ माझ्याच कानाला लागला. नंतर महालकऱ्यांचं वाळत घातलेलं धोतर लागलं, आणि ते सोडवताना त्यांच्या बाई बाहेर आल्या. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

राहिला प्रश्न पिसांचा. दिवस थंडीचे होते, दारोदार नागली वाळत पडली होती आणि एक लालभडक, तुर्रेबाज कोंबडा प्रत्येकीच्या सुपातलं बिनदिक्कत खात हिंडत होता. त्याला कुणी हाड् की हुड् करत नव्हतं. मी कारकुनी डोकं चालवलं. ज्याला कुणी हाकलत नाही तो कुणाचाच नाही. जो कुणाचाच नाही तो सरकारचा. आणि मी तर सरकारी माणूस! दुपारी मूठभर तांदळावर बोलावून मी त्याची मान पार उघडी करून टाकली. माश्या मात्र सुरेख बांधल्या गेल्या.

संध्याकाळी शेजारच्या पाड्यावरची कोंडी तो कोंबडा काखेत घेऊन दारात उभी. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "भाऊसाहेब, यो वाघदेवाला बोलेल कोंबडा हाय."

तेव्हा मला कळलं की देवाला बोललेला कोंबडा असाच मोकळा सोडतात. तो कुणाचंही खावो, त्याला कुणी हात लावत नाही. कोंडीची सून बाळंतपणात मरता मरता वाचली होती, त्याचा हा नवस. आता असला भादरलेला कोंबडा देव घेईना, आणि नवस फिटल्याशिवाय पोराचं नाव ठेवता येईना. मी दुसरा कोंबडा देऊ केला. दुसरा कसा चालेल, बोललेला हाच. मला खरोखर लाज वाटली.

अखेर पाड्याचा भगत, म्हातारा नवसू, याने निवाडा केला. पिसं देवाची होती, ती गळाला गेली. म्हणजे त्या गळाला जे येईल ते देवाचं. ते कोंबड्याबरोबर ठेवलं की कोंबडा पुरा भरला. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मात्र आता मासा धरणं भागच होतं!

रविवारी साहेब नदीवर आले ते हरखूनच गेले. काठावर सगळा पाडा बसलेला, चुली मांडलेल्या, मसाला वाटून तयार, सूनबाई पोर घेऊन झाडाखाली, आणि उघड्या मानेचा कोंबडा खुंट्याला. "एवढे लोक माझ्यासाठी?" साहेबांनी विचारलं. मी लगबगीने काठी पुढे केली.

"करा सुरू, ठोंबरे."

साहेबांच्या आधी मी कसा, असं मी म्हणालो. गुरूच्या आधी मी कसा, असं ते म्हणाले. हे इतकं लांबलं की नवसू पोराकडे बोट दाखवून म्हणाला, "आवरा, नाय तं तो आपलं नाव आपणच ठेवल."

शेवटी साहेबांनी काठी घेतली. मागे झटका, पुढे झटका, आणि माशी येऊन बसली माझ्या काळ्या टोपीवर. पुढच्या झटक्याला टोपी डोक्यावरून उडाली आणि डोहाच्या मधोमध पडली. साहेब घाबरून चक्री फिरवू लागले. टोपी उताणी, पाणी पीत, काठच्या उथळ पाण्यातल्या माशांच्या थव्यातून फरफटत आली. मी ती उचलली. आत वीतभर चंदेरी मासा तडफडत होता.

काठावर एकच गलका उठला. मासा गळाने आणला की टोपीने, ही शंका कुणी काढली नाही. साहेब दोन्ही हात पुढे करून धावले, पण त्यांच्या आधी नवसूने मासा उचलला आणि काठावरच्या वाघदेवापुढे ठेवला. कोंबडा गेला, नवस फिटला, कोंडीने नातवाचं नाव ठेवलं पुंजा. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

मी साहेबांकडे पाहिलं तर त्यांचे डोळे भरले होते. मासा गेला म्हणून असेल, असं वाटून मी माफी मागू लागलो. त्यांनी मला बाजूला नेलं. "ठोंबरे, कुणाला बोलू नका. ती काठी कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. आयुष्यातला हा पहिला मासा!"

मग ते पाड्याबरोबर पंगतीला बसले आणि त्याच कोंबड्याचा रस्सा ओरपून जेवले. नवसूने त्यांना प्रसादाच्या माशाचं डोकं दिलं. एवढा खूश साहेब मी ना संस्थानात पाहिला, ना सरकारात. मी मनातल्या मनात गोदीच्या ट्रंका मोटारीतून उतरवून घेतल्या, जव्हारला भाड्याची खोलीसुद्धा पाहून ठेवली.

निघताना साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जव्हारच्या जागेवर तुमचंच नाव टाकलं होतं हो. उद्या गेल्या गेल्या खोडतो. त्या डोंगरमाथ्यावर तुमच्यासारख्या माणसाने करायचं काय? गावात नदी आहे का? तुम्ही इथेच राहा. मी दर महिन्याला येत जाईन."

मी म्हणालो, "साहेबांची कृपा." साहेबाला नाही म्हणायची पद्धत आमच्या संस्थानात नव्हती, आणि विलीनीकरणातही ती कुणी आणलेली नाही.